समासातली ओळ

बुधवार, येलहंका

अहवाल बाबांना वाचायला द्यायलाच नको होता. कोळशाच्या वीज केंद्रात त्यांचा जन्म गेला, आणि मी लिहिलंय की ती केंद्रं बंद केली तर राज्याचा फायदाच आहे! दुपारभर पेन्सिल घेऊन बसले होते. मी दोनदा चहाचं विचारलं. "स्वल्प थांब गं," एवढंच.

नवे रोजगार, स्वस्त वीज, सगळ्यावर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा. हुश्श म्हणतेय तोच शेवटच्या पानाच्या समासात त्यांचं बारीक अक्षर दिसलं. "केंद्रं बंद झाल्यावर औषधपाण्याचा जो खर्च वाचेल, तो धरला नाहीस. केंद्राच्या कॉलनीत राहत होतो तोपर्यंत तुझी आई सतत खोकायची."

ही ओळ आता कुठल्या तक्त्यात बसवू? आजवर आईच्या खोकल्याचं विचारलं की बाबा म्हणायचे, तिची तब्येतच नाजूक.