अक्का खाली थांबतात

७ डिसेंबर, शनिवार
आमच्या भाडेकरूचा, बिस्वालचा, मेसेज. महिनाअखेर घर सोडतोय. कारण दिलं नाही, नुसतं 'थँक यू फॉर एव्हरीथिंग, भैया'. त्या एव्हरीथिंगमध्ये बेडरूमची भिंत पण आली, एवढं कळतं मला. भैताड नाहीये मी.

स्वातीला दाखवला. म्हणाली, "जुलैपासून बघतो-बघतो करत होतास ना? घे आता." बायकोचं बरोबर असलं की मला जास्तच राग येतो. चहा अर्धा टाकून उठलो.

खरं काय ते इथे तरी लिहितो. मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमध्ये वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपतं आणि बेडरूमची भिंत ओली होते. बिस्वालने चार वेळा फोन केला. चारही वेळा मी 'देखता हूँ' म्हणून ठेवून दिला. ऑक्टोबरमध्ये पेंटर पाठवून दोन हात मारले. झकास दिसत होती. पंधरा दिवसांत पोपडे.

८ डिसें., रवि.
फ्लॅटवर जायला निघालो, वर जायचं धाडस झालं नाही. शेजारच्या सुशीलाक्कांकडे बसलो. अक्का निपाणीकडच्या, चाळीसेक वर्षं इथे. नवरा गेल्यापासून सहा घरं एकटीने भाड्याने देतात. ब्रोकर नाही, 'टू लेट'चा बोर्ड नाही. पण एक घर आठवडाभर रिकामं राहिलेलं मी पाहिलं नाही. मी ऑफिसात चाळीस माणसं सांभाळतो म्हणे. अक्कांसमोर मी केजीतला पोरगा, त्यांचा 'तम्मा', धाकटा भाऊ.

आज त्यांचं दुसऱ्या मजल्याचं घर बघायला एक जोडपं आलं होतं. अक्का उठल्याच नाहीत. घर सोडून जाणारी मुलगीच त्यांना वर घेऊन गेली, अक्का खाली पायरीवर अवरेकाई सोलत बसल्या. बेंगळुरूत डिसेंबर आला की घरोघरी या शेंगा. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नाही जात दाखवायला?"

"मी वर गेले तर ती माझ्या तोंडाकडं बघून बोलंल. घराकडं बघून बोलायला पाहिजे की, तम्मा."

"आणि तुमचीच बदनामी केली तर?"

"करू दे की. नळ गळत असला तर गळतो म्हणूनच सांगणार न्हवं?"

आणि खाली आल्यावर काय बोलणं झालं ते कोणालाच विचारायचं नाही. कधीच विचारलं नाही म्हणे. अरे बाप्पा! मी तर दारामागे कान लावून उभा राहिलो असतो.

अजून दोन गोष्टी ऐकल्या, विसरायच्या आत लिहून ठेवतो. एक, जादा किल्ली पाकिटात घालून चिकटवायची आणि वर भाडेकरूची सही घ्यायची. आपण पाकीट फोडलं की त्याला कळणार. दोन, भाडेकरूचा फोन आला की पहिला शब्द 'येतो'. मग भले दोन दिवसांनी जा, पण दिवस सांगून. दुसरी सांगताना अक्का माझ्याकडे बघत होत्या का? माहीत असेल त्यांना. गल्लीत काय लपतं.

१२ डिसें., गुरु.
ऑफिसची सकाळची स्टँडअप मीटिंग चालू असताना अक्कांचा फोन. त्यांच्या ओळखीच्या एक शाळेतल्या टीचर, सोबत म्हातारी आई, घर शोधतायत. अक्कांकडे रिकामं नाही. "तुझ्याकडं पाठवते. पण दाखवायची पद्धत माझी. बिस्वाल दाखवंल, तू खाली. सरी?"

सरी म्हणून बसलो. असा भाडेकरू शोधून मिळायचा नाही. आणि ती अक्कांच्या शब्दावर येतेय. मी तोंडघशी पडलो तर अक्काही पडतात. बावीसला, रविवारी, घर बघायला येणार. दहा दिवस आहेत.

१४ डिसें., शनि.
शेवटी वर गेलो. भाड्याने दिल्यापासून पहिल्यांदा हॉलच्या पुढे पाऊल टाकलं असेल. बेडरूम रिकामी. बिस्वालच्या आईची खाट हॉलमध्ये, चपलांच्या रॅकला लागून. ओलीने खोकला वाढला म्हणून जुलैअखेर हलवली. साडेचार महिने ती बाई चपलांशेजारी झोपली आणि मी 'देखता हूँ'.

बिस्वाल सरळ चहा ठेवायला गेला. दोन शब्द सुनावले असते तर भांडता आलं असतं. आजींना म्हटलं, "माफ करना, माँजी." त्यांना हिंदी बेताचीच. त्यांनी खाटेवर हात थोपटला, बस म्हणून. त्याच खाटेवर बसून चहा प्यायलो. फार लाज वाटली.

तिथूनच अक्कांच्या प्लंबरला, राजण्णाला, फोन. मग वरच्या मालकाला. तो 'सोमवारी बघू' म्हणाला. मी म्हटलं, "बघू नको, मीच येतो." म्हटलं आणि स्वतःलाच हसू आलं.

१९ डिसें., गुरु.
दोन दिवस सुट्टी टाकली. राजण्णाने वरच्या बाथरूमची फरशी फोडली, जाळीखालचा पाइप तडकलेला. बदलला, बुजवलं, बादलीभर पाणी ओतून ढाळ दाखवला. पाणी एका रेषेत जाळीकडे गेलं. लेकाच्या हाताला काय कसब आहे! बघतच राहिलो. मी विचारलं, भिंत कधी सुकणार? "स्वल्प टाइम, सर. एक महिना, दोन महिना."

रविवारी तर टीचर येणार.

पेंटर खाली घुटमळत होता. "सर, एक कोट मारून टाकू? रविवारपर्यंत राहतो." राहिला असता. ऑक्टोबरातही राहिलाच होता की. खरं सांगतो, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. अक्कांना फोन लावला, निदान त्या रागावतील म्हणून. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं घर, तम्मा." आणि ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

पेंटरला परत पाठवला. भिंत आहे तशी आहे, नकाशासारखे डाग आणि पोपडे. संध्याकाळी स्वाती येऊन बघून गेली. "घाण दिसतेय," म्हणाली, मग माझा हात धरला.

२२ डिसें., रवि.
सकाळी ११.१०. अक्कांच्या पायरीवर बसून मोबाइलवर लिहितोय. टीचर आल्या, चष्मा, कापडी पिशवी, आईला आणलं नाही. बिस्वाल त्यांना घेऊन वर गेला. मी उठणार होतो. अक्कांनी नुसतं बघितलं.

११.२५. अजून वरच. अक्कांचं घर दाखवून दहा मिनिटांत होतं. यांना काय सांगायला एवढं? जुलैपासूनचं सगळं? चपलांचं रॅक? अक्कांना म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत कधी? म्हणाल्या, "वाटती की. दर वेळी." आणि शेंग मोडली. इतकी वर्षं दर वेळी भीत भीत ही बाई इथे बसलीय. मला वाटलं होतं, तिला काही वाटतच नसेल.

११.५०. बिस्वाल एकटाच खाली आला. "सब बता दिया, भैया."

सब म्हणजे काय, हे अगदी जिभेवर आलं होतं. पाइप नवा आहे ते? मी माफी मागितली ते? का फक्त आईची खाट? गिळलं. थँक यू म्हटलं. त्याने हात मिळवला, जरा जास्त वेळ धरला, का तसं मलाच वाटलं.

टीचर वरच आहेत. थोडा वेळ एकट्याच बसते म्हणाल्या, बेडरूममध्ये.

तिकडची खिडकी आत्ता उघडली. वर बघायचं नाही असं ठरवलंय. अक्कांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं, "सोल, तम्मा." फोन ठेवतो.