शिमग्याचे पीठ

मिठबाव,
ता. २ मे १९५९

दाजी,

‘तीर्थस्वरूप’ लिहायला हात धजत नाही. थोरला भाऊ आहेस, म्हणून नमस्कार तेवढा घे. इकडे ठीक. आंबा यंदा बरा आहे. धाकटीचा गोवर उतरला.

तुझे पत्र पोचले. घरच्या जावयानेच खटला भरून आपल्या घराण्याचे नाक कापले, म्हणतोस. तो मागे घ्यायला मी ह्यांना सांगावे. नाही सांगणार. आरोग्य खात्याची नोकरी ह्यांनी सासुरवाडीचे दुकान सांभाळायला धरलेली नाही.

शिमग्याला विजयदुर्गात बाबली तांडेलाच्या घरी पोळ्या खाऊन माणसे तडफडली. त्याची चिमुरडी रुक्मिणी गेली. ह्यांनी तुझी वखार उघडली, तर आंब्यावर मारायच्या औषधाचा डबा पिठाच्या गोणींवर गळत होता. तू काय म्हणालास ते साऱ्या बाजाराने ऐकले. “वरचा ओला पीठ काढून टाकलंय. खालचा बरा होता.”

खालचे तू विकलेस. आई इथे होती, म्हणून त्यातलेच आमच्या घरीही पाठवलेस.

आता लिहितोस, मी कोर्टात येऊन सांगावे की ते पीठ आईनेही खाल्ले आणि तिला काही झाले नाही. ती पुढे तापाने गेली, हेही सांगावे.

ताप हे कारण मीच तुला कळवले होते. आईच्या तेराव्याला आमच्या अंगणात उभा राहून तू ह्यांच्यावर ओरडलास, “तुझ्या चौकशीन माझ्या आवशीक मारल्यान!” हे गप्प राहिले. मी शपथ घातली होती.

तर ऐक. पीठ कोणी खाऊ नका, असा विजयदुर्गाहून ह्यांचा निरोप आला. पोरावर आळ आला, म्हणून आई संतापली. “माझो झील लोकांका वीख घालतलो?” मी पीठ उचलून पडवीत ठेवले, हे आल्यावर नमुना घेतील म्हणून, आणि विहिरीवर गेले. परत आले तर आई चुलीपुढे बसून पोळी खात होती.

“बघ गो,” म्हणाली, “माका काय झाला?”

हसत होती, दाजी. तुझ्यासाठी खात होती.

थोड्या वेळाने तिचे हात वळू लागले. तोंडाला फेस आला. देवगडला न्यायला गाडी जुंपेपर्यंत सगळे संपले. दातखीळ बसण्याआधी माझे मनगट घट्ट धरून म्हणाली, “दाजीक सांगा नको. तो जीव देतलो.”

तिला वाटले, तू जीव देशील. तू तिलाच साक्षीला उभी केलीस.

ह्यांना मी शपथेतून मोकळे केले आहे. उद्या देवगडला जाऊन जबानी देते. मला अडवायला माणूस पाठवू नकोस. आलाच तर त्याच्यासमोर हे सगळे मोठ्याने सांगेन. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. ह्यात त्यांचा दोष नाही.

आईची मुलगी,
जानकी