परत केलेली मनीऑर्डर

सास्तूर, ता. २० सप्टेंबर १९६१
॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. शिवकांतास महालिंगप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीला लातूरला दाखवून आणलं. पोटात गाठ आहे, दिवाळीच्या आत मिरजेला नेऊन कापून काढा, असं डॉक्टर म्हणाले. इरम्मा मात्र शेंगा फोडत बसते आणि काही झालेलं नाही म्हणते. दुकानातला पैसा सगळा भुईमुगात अडकलाय. मी जास्तीचा भरलेला इन्कमटॅक्स परत मिळावा म्हणून दाजींनी त्यांच्या वकिलांकडून अर्ज करवलाय, त्याकडे डोळे लावून आहे. माझ्या वतीनं पैसे उचलायचं अधिकारपत्र सोबत आहे. इथं सगळे मला हसतात. सरकारच्या तिजोरीत गेलेला पैसा निजामाच्या राज्यात परत आला न्हाय, तो आता काय येतोय, म्हणतात.

मुलांना पापा. दाजींना नमस्कार सांग.
तुझा अण्णा

सोलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९६१

ती. अण्णांच्या चरणी शिवकांताचा शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, तुमचा पैसा आला. रिफंडचा हुकूम वकिलांच्या पत्त्यावर आला, यांनी अधिकारपत्र दाखवून बँकेत वटवला आणि आजच पाचशे चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली. हसणाऱ्यांना आता पेढे द्यावे लागतील, असं हे म्हणतात. दसऱ्यासाठी थांबू नका, वहिनीला मिरजेला न्या. मी सोबतीला येते, मुलांना सासूबाई बघतील.

तुमच्या बसूच्या वसतिगृहाचे पैसे मठानं दिलेत, असं मी दोन वर्षांमागं खोटंच सांगितलं होतं. ते आठवून शंका घेऊ नका. या खेपेला देवाशपथ खरं आहे.

वहिनीच्या तब्येतीचं लगेच कळवा, जीव टांगणीला आहे.
तुमची शिवकांता

सास्तूर, ता. २० ऑक्टोबर १९६१

चि. सौ. शिवकांतास आशीर्वाद. सोबत दसऱ्याचं सोनं.

मनीऑर्डर सही न करता परत केली. गुळाचा खडा तोंडात धरून, देवाशपथ खाल्ला नाही म्हणणारी तूच ना? बसूच्या वेळी तुझ्या पाटल्या गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. बहिणीला द्यायचं असतं, तिच्या घरचं घ्यायचं नसतं, हे आप्पांनी शिकवलंय. दाजींचं मन मोठं आहे, पण माझा हात पुढं होत नाही. संक्रांतीला तूर विकली की इरम्माला नेतो. तोवर गाठ काही पळून जात नाही. या विषयाचं पुढचं पत्र आलं तर मी फोडणार नाही.

रागावू नकोस, तुझी माया मला ठाऊक आहे.
तुझा अण्णा

सोलापूर, ता. २५ ऑक्टोबर १९६१

ती. अण्णांस नमस्कार.

पैसे तुमचेच आहेत. बँकेची चिठ्ठी जोडलीय, तीवर तुमचं नाव आहे. हे टायफॉइडनं अंथरुणाला आहेत, नाहीतर स्वतः येऊन तुमच्या हातात नोटा ठेवल्या असत्या. अण्णा, पदर पसरते, एवढं पत्र फोडा.

उत्तराची वाट बघते.
शिवकांता

सास्तूर, ता. १० डिसेंबर १९६१

चि. सौ. शिवकांतास आशीर्वाद.

काल इन्कमटॅक्सच्या कचेरीचा लिफाफा आला. माझे पाचशे चाळीस रुपये ऑक्टोबरातच अदा झाले, असं त्यात लिहिलंय. मग तुझं ते पत्र गादीखालून काढून फोडलं. तुझ्या मायेवर माझा एवढा भरवसा, की तुझ्या खऱ्यावर बसला नाही.

इरम्माला माती दिली तेव्हा तू आलीस, दोन दिवस राहिलीस, पण पैशाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मला जन्मभर टोचणी लागू नये म्हणून गप्प बसलीस, हे आता कळतंय. ती रक्कम बसूच्या शिक्षणाला ठेव. माझ्या हातात देऊ नकोस.

आणखी एक आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी मनीऑर्डर परत करत होतो तेव्हा इरम्मा पोटाला हात धरून दारापर्यंत आली होती. वन्संचे असले तरी घ्या, मी त्यांना दर सणाला लुगडी देऊन फेडीन, मला जगायचंय, असं ती म्हणाली. पोस्टमनसमोर हे बोलली म्हणून मी तिला आत जायला सांगितलं. ती गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

माझ्यावर माया ठेव, असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.
तुझा अण्णा