लायसन्स जप्त असतानाची वरात

६ जानेवारी १९५८, मूल (जि. चांदा). संध्याकाळ.
आज चांद्यात अपमान. रुखमाच्या लग्नाचं कापड घ्यायला जीपने निघालो. ही आणि रुखमा मागे. जटपुरा दरवाज्यातून आत शिरलो तर सोमाजी हवालदार आडवा. म्हणे, गावात पंधरा मैलांच्या वर चालवायची नाही, तुम्ही तीसनं आले. हे त्याने नुसत्या डोळ्यांनी मोजलं! त्याला समजावलं, बाबा रे, ही लष्कराच्या लिलावातली गाडी, लढाई पाहून आलेली. हिला पंधरा मैल कसे जमणार? त्याने नाव लिहून घेतलं. केस होणार.

होऊ दे. माझ्यासारखा ड्रायव्हर या जिल्ह्यात नाही. रुखमा म्हणते, बाबा, तुमी चालवता तवा मी डोये मिटूनच बसतो. लेकीचा इतका विश्वास!

८ जानेवारी.
बिरजूप्रसाद वकिलांचा सल्ला: गुन्हा कबूल करा, दंड भरा, तोंड उघडू नका. स्पष्टच दिसलं की माणूस घाबरट. वकील रद्द. स्वतः बोलणार. आरशासमोर 'मिलॉर्ड' म्हणून पाहिलं. आवाज छान लागतो.

२० जानेवारी. रात्री.
कोर्टात जिंकलो. म्हणजे तसा जिंकलोच.

सोमाजीने साक्ष दिली की गाडी तीसच्या वेगात होती. मी उठलो. म्हटलं, साफ खोटं. माझी जीप चाळीसच्या खाली चालतच नाही, खाली आणली की गचके देते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की चाळीस? मी म्हटलं, सडक मोकळी असली तर पंचेचाळीस. साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. हवालदार भर कोर्टात खोटा पडला!

दंड झाला. लायसन्स तीन महिने जप्त. ते तांत्रिक आहे.

२१ जानेवारी.
अडचण एकच. व्याही गुणवंतरावांना सुपारीच्या दिवशीच सांगून बसलो की नवरदेवाला वऱ्हाड उतरेल त्या जानोशापासून मांडवापर्यंत मी स्वतः जीपमधून आणणार. साऱ्या मूलला माहीत आहे. लग्न ९ मार्चला.

ही म्हणाली, जंगूले चालवू द्या. जंगू आमच्या लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर. बैलगाडी दिसली तरी थांबतो. त्याला ड्रायव्हर कोण म्हणेल? जावयाची वरात त्याच्या हाती देणार नाही.

२ फेब्रुवारी.
सुचलं! कोर्टाने गाडी चालवायला बंदी केली, बसायला नाही. जीपला पुढून बैल जुंपायचे. इंजिन बंद. मी स्टीअरिंगवर, बाजूला नवरदेव. चालवतात ते बैल. बैलांना लायसन्स लागत नाही. असा मुद्दा बिरजूप्रसादांना दहा जन्मांत सुचणार नाही.

ही ऐकून फक्त 'देवा' म्हणाली.

५ फेब्रुवारी.
पोचूची जोडी ठरवली. पोचू आमच्यासाठी जंगलातून सागाचे ओंडके ओढून आणतो. बैल दणकट. तो विचारत होता, शेठ, इंजन असून बैल काऊन लावता? कायदा समजावला. बिचाऱ्याला कळला नाही, खूप वेळ हसत राहिला.

हिची शंका: रानातले बैल, बँड आयकला तं बिथरणार नाईत का? उत्तर तयार आहे. रोज सकाळी बैलांसमोर थाळी वाजवायची. उद्यापासून.

६ फेब्रुवारी.
थंडी फार. उद्यापासून.

२३ फेब्रुवारी.
थाळी राहूनच जाते आहे. पण आज बैल दारात उभे असताना स्वयंपाकघरात पातेलं पडलं. एकाने कान हलवला, दुसऱ्याने तोही नाही. तालीम झाली असं धरायला हरकत नाही.

१० मार्च. दुपार.
काल लग्न झालं. शेवटी झालं, हे महत्त्वाचं.

सुरुवात उत्तम. जीपला झेंडूच्या माळा, बैलांच्या शिंगांना बेगड. मी काळा चष्मा लावून स्टीअरिंगवर. जावईबापू बाशिंग बांधून शेजारी. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. पोचू कासरा धरून पुढे. बाजारापर्यंत राजेशाही थाट.

तिथे चांद्याच्या बँडवाल्याने क्लॅरनेट तोंडाला लावलं. पहिल्याच सुराला बैलांनी शेपट्या वर केल्या. पोचूच्या हातून कासरा सुटला. मांडवासमोरून आम्ही असे गेलो की अक्षता घेऊन उभ्या बायांनी त्या सवयीने उधळल्याच. जावई ओरडत होते, मामा, ब्रेक! ब्रेक!

ब्रेक माझ्या पायाखालीच होता. पण ब्रेक दाबला की ते ड्रायव्हिंग होतं. मी कायद्याचा माणूस. पाय वर उचलून धरले.

गावाबाहेरच्या तलावात बैल पोटापर्यंत शिरले आणि पाणी प्यायला लागले. जीप मागोमाग. जावई छातीपर्यंत. बाशिंग तरंगत गेलं, ते कमळांमधून पोचूने काढून आणलं. मुहूर्त टळला. पुढचा लागला तेव्हा नवरदेव माझ्या धोतरात उभे होते. रुखमाने अंतरपाटाखालून त्यांचे ओले पाय पाहिले आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते. पण पलीकडून जावईही हसू लागले. मग मीही हसलो, तेव्हा ही माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी थांबलो.

११ मार्च.
निरोपाच्या वेळी गुणवंतरावांनी मला बाजूला घेतलं. शांतपणे म्हणाले, भाऊ, कोर्टानं तुमाले तीन महिने दिले, मी जनमभराचे देतो. सून माहेरी पाठवीन, नाई म्हणत नाई. पण आमच्या घरचं माणूस तुमच्या जीपीत बसणार नाई.

भावनेच्या भरात बोलले. लायसन्स हातात दिसलं की निवळतील.

२१ एप्रिल.
लायसन्स परत मिळालं! जीपमधला चिखल धुतला. एक मासा निघाला. उद्या रुखमाला सणासाठी आणायला जातो. ही म्हणाली, मी घरीच बरी.

२२ एप्रिल. संध्याकाळ.
चांद्याला व्याह्यांच्या घरी पोचलो. गुणवंतरावांनी पन्हं दिलं, चौकशी केली. लायसन्स दाखवलं, तर चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि परत दिलं. मग उठले आणि रुखमाला घेऊन बसस्टँडवर निघाले. मी मागे मागे. तिला वाटेत हळूच म्हटलं, तू सांग ना त्यांना. ती म्हणाली, बाबा, त्यायनं सांगतलं म्हणून नाई. मीच म्हटलं, मी बसनं येतो.

मी म्हटलं, बरं. मग मी मागून येतो, सोबत म्हणून.

ती बसच्या शेवटच्या खिडकीत बसली. मी जीपने बसच्या मागे. सडक मोकळी होती, बस केव्हाही मागे टाकली असती. टाकली नाही. सगळा धुरळा तोंडावर. चिचपल्लीला बस थांबली तेव्हा रुखमा उतरून आली, आपला रुमाल ओला करून माझ्या नाकातोंडावर बांधला आणि परत बसमध्ये जाऊन बसली.

मूलच्या स्टँडवर ही उभी होती. लेकीला मिठीत घेतलं, थोडं रडली. मी जीपचा दरवाजा उघडून धरला. दोघी म्हणाल्या, तुमी व्हा पुढं, आमी पायीच येतो.

पुढे कसा होणार? पहिल्या गियरमध्ये त्यांच्या मागे मागे घरी आलो. वाटेत एका शेळीने मला ओव्हरटेक केलं.