बटणं डावीकडे

४ मे

आला एकदाचा कॉम्प्युटर परत! भाऊजींनी दुरुस्तीच्या दुकानातून स्वतः आणून दिला. जुनी सिस्टीम त्यावर चालेना म्हणून दुसरी घातलीय – फुकटची. मी नाक मुरडलं तर म्हणाले, फुकट म्हणजे हलकं नव्हे, वहिनी. बघू.

ह्यांना झटका येऊन अकरा आठवडे झाले. उजवा हात मांडीवर पडून असतो. शब्द एकेक करून येतात. आणि शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप – नव्या सत्राचं वेळापत्रक सरांनीच करावं, वीस तारखेच्या आत. सव्वीस वर्षं ह्यांनीच केलंय. रंगीत चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडायचे, गणिताचे सर निळे, गायनाच्या बाई पिवळ्या. चार दिवस आम्ही ताटं हातात घेऊन जेवायचो! बारा वर्ग, एकोणीस शिक्षक, पण एकाच तासाला कोणी दोन वर्गांत सापडायचं नाही. आता चिठ्ठ्या हातात धरवत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर.

लेक फोनवर म्हणाली, बाबांना झेपायचं नाही, उगाच आशेला लावू नकोस. फोनचा आवाज मोठा होता. हे शेजारीच होते.

५ मे

भाऊजींनी एक छोटासा प्रोग्रॅम दाखवला. नुसते खटके आणि सरकपट्ट्या. अक्षर मोठं करा, बाण मोठा करा, हवं ते हवं तिथे न्या. वाटेल ते दाबा म्हणाले, काही बिघडत नाही. मी जन्मभर शिवणाच्या मशीनवर बसलेली बाई. टाका लहानमोठा करायचं चाक आणि हे, मला तरी काही फरक दिसेना. अक्षर दीडपट केलं. खिडक्या उघडताना उगाच उड्या मारायच्या, ते बंद केलं. तासाभरात जमलं!

७ मे

ह्यांनी डाव्या हाताने माउस धरला. पंधरा मिनिटं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

९ मे

भांडले. लिहायला लाज वाटते.

ह्यांनी पाचवीचं वेळापत्रक केलं. सोमवार ते गुरुवार एकदम चोख. शुक्रवार-शनिवार कोरे! मी थट्टेत म्हटलं, पोरांना सुट्टी दिलीत वाटतं? तर म्हणे, झालं. मी परत दाखवलं. परत तेच, “झालं.” मग ते पान बंद करायचं, तर बटण उजव्या कोपऱ्यात आणि ह्यांचा बाण आपला डावीकडेच घिरट्या घालतोय. उजवीकडे, उजवीकडे, असं मी दहादा ओरडले. शेवटी तोंडातून गेलं, लेक म्हणते तेच खरं.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळचा चहा उजव्या बाजूला ठेवला होता, त्याला ह्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, रुसलेत.

१० मे

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ह्यांना नाकासमोर बघायला लावून उजवीकडून बोट हळूहळू आणलं. बोट पार नाकासमोर येईपर्यंत ह्यांना पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, "उजवीकडचं त्यांना दिसत नाही. आणि दिसत नाही, हेही त्यांना कळत नाही."

म्हणजे पडद्याच्या उजव्या टोकाचा शुक्रवार ह्यांच्यासाठी नव्हताच. चहाचा कपही नव्हता. आणि मी? लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी कायम ह्यांच्या उजव्या हाताला बसते. अकरा आठवडे मी तिथे बसून बोलतेय आणि ह्यांना नुसता माझा आवाज! आंधळी मीच, मेली.

डॉक्टर म्हणाले, सध्या सगळं डावीकडे आणा. मान वळवून बघायची सवय लागली तर लागेल, पण बळजबरी नको.

घरी आल्या आल्या तो प्रोग्रॅम उघडला. एक खटका – बटणं गेली डाव्या कोपऱ्यात! दुसरा खटका – एक कळ दाबली की बाणाभोवती गोल उमटतो, म्हणजे बाण हरवला तरी सापडतो. उरले शुक्रवार-शनिवार. त्याला खटका नाही. मग माझ्या शिवणाच्या डब्यातली लाल फीत काढली आणि पडद्याच्या उजव्या काठाला वरपासून खालपर्यंत चिकटवली. ह्यांना सांगितलं, लाल दिसेपर्यंत ओळ संपली नाही.

चहा डावीकडे. औषधं डावीकडे. माझी खुर्ची डावीकडे. कालच्याबद्दल माफी मागितली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं.

११ मे

लाल फीत सापडायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावून गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते मलाच ठाऊक.

१४ मे

पाचवी, सहावी, सातवी पूर्ण. शनिवारसकट! गायनाच्या बाई मंगळवारी एकाच तासाला दोन वर्गांत गेल्या होत्या. मला दिसलं, मी ओठ आवळून धरले. थोड्या वेळाने ह्यांनीच पिवळा चौकोन उचलला, दुसरीकडे ठेवला आणि हसले. तिरकं हसू येतं अजून. पण हसले.

१९ मे

पाठवलं! एक दिवस आधीच! मोठ्या बाईंचा फोन आला, एकही गोंधळ नाही म्हणाल्या. मग लेकीला फोन लावून ह्यांच्या कानाला धरला. हे म्हणाले, "झालं." तर पलीकडे ती रडायलाच लागली, वेडी.

२० मे

सकाळी बघते तर बटणं परत उजव्या कोपऱ्यात! फुकटचं ते फुकटचंच, म्हणत भाऊजींना फोन लावायला घेतला. ह्यांनी माझा हात धरला. "मी केलं," म्हणाले. मग मान वळवली, अजून वळवली, उजवीकडे मी कधीची रिकामी ठेवलेली जागा सापडेपर्यंत. "तिथे बस. मी… शोधीन."

खुर्ची उचलून तिकडे गेले.