तांब्या घेऊन पळायची सवय

न्हाई वन्सं, माझं पोट बिघडलेलं न्हाई. तुमी एस्टीच्या कंडक्टरासंगं धाडलेली डाळिंबाची साल पोचली, ती डब्यात ठिवलीया. आपल्या आळीतल्या रतनबाईनं तुमच्या सोनईला येऊन तुमाला काय काय सांगितलं ते तिलाच ठावं. (नमस्कार लिवायचा ऱ्हायलाच. गोजरवन्संना लंकाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा हाय? तुमच्या मालकांचा खोकला तसाच असंल, तो काय जानार न्हाई.)

झालं आसं. सोराज्याला यंदा पंचवीस वरसं झाली म्हनून पंधरा ऑगष्टला बायांची पळायची शर्यत ठिवलीया, शाळेपासनं मारुतीच्या पारापतोर. महिला मंडळात ग्रामसेविकाबाई नावं मागाया लागल्या तर समद्या पदरात तोंड घालून बसल्या. मी म्हनलं, पळायला काय लाजायचं गं, नवऱ्याचं नाव घ्यायचंय व्हय? बाईंनी पयलं नाव माझंच लिवलं.

घरी येऊन परड्यात जरा पळून बघितलं तर वाटंतली कोंबडीबी उठली न्हाई. मग म्हनलं, रोज पहाटं पळून सवय करावी. पर आपल्या गावात बाई पळताना दिसली की मानसं इचारत्यात, कोन गेलं? (तुमचे भाऊ वारले तवा मी पळाले हुते, त्याच्यानंतर आत्ताच.) पयल्याच दिशी ओढ्याच्या वाटंनं निघाले तर मागनं अर्धी आळी आली, कुनाच्या हातात घागर, कुनाच्या हातात दोर. आग कुठं लागली म्हनून इचारलं. मी म्हनलं, इझली.

तवापासनं हातात तांब्या घेते. तांब्या घेऊन घाईनं चाललेल्या बाईला कोन काय इचारनार? पर रोजच तांब्या, अन रोजच घाई, मग गाव कळवळलं. जहिरानं ओवा दिला, बनुबाईनं पेज. पीरमहंमदनं गाडीबैल थांबवून म्हनलं, "वैनी, तांब्या रिकामाच हाय की." (भरला की पानी समदं लुगड्यावर सांडतंय.) मी म्हनलं, ओढ्यात भरते. वन्सं, ओढ्याला पानी दिसून वरीस झालं.

पुंजारामतात्यांनी तर हद्द केली. म्हातारा काठी टेकत काल माझ्या जोडीनं निघाला, जुलाबावर काय घ्यायचं ते निवांत सांगत. मी पळत हुते, वन्सं. ते चालत हुते. देवळापाशी म्हनले, "लंका, तू ये सावकाश, मी फुडं हुतो."

आजपतोर समद्या गावाच्या चालीच्या नकला मी केल्या. आता मी शेवटची आले की माझी नक्कल ह्या गावात पोरंठोरं करनार, ह्या इचारानं घास उतरत न्हाई. (पोटाचं तेवढं खरं.) बाकी समदं बरं हाय, काळजी करू नका.

तुमची भावजय
लंका

ता.क. पंधरा ऑगष्टच्या आदी दोन दिस या. लई दिसांत भेट न्हाई, जीव लागून ऱ्हायलाय. पुरन घालीन.

ता.क. गुडघा बरा झाला नसला तरी या. नसला तर बरंच.

ता.क. माहेरवाशीन चालती का म्हनून बाईंना इचारून घेतलं. चालती. तुमचं नाव मी कवाच दिलंया. मला पयलं यायचं न्हाई, वन्सं, माझ्या मागं कुनीतरी पायजे. अन माझ्याहून हळू पळनारं मानूस तुमच्याबिगर मला कुनी ठावं न्हाई.