कोणत्याही व्यक्तीला

अकोला,
१२ सप्टेंबर २०२५

चि. अदू,

खूप आशीर्वाद. काल फोनवर तुझा आवाज ऐकला, बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. तेल्हाऱ्याहून बंडूमामाचा फोन होता, यंदा कपाशी बरी आहे म्हणाला.

महालक्ष्म्या झाल्या. आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, सगळं स्वयंपाकाला बोलावलेल्या दुर्गाबाईंनी केलं. जेवायला फारसं कोणी आलं नाही. तुला पकडल्याची बातमी पेपरात आल्यापासून लोक रस्त्यातच भेटतात, घरी येत नाहीत. अमरावतीहून किसनकाका आले, ते जेवताजेवताच म्हणाले, "दुसऱ्याच्या देशात राहून त्यायच्याच सरकारविरुद्ध काहून लिहावं?"

मी म्हणालो, "विद्यापीठाच्या पेपरात एक लेख लिहिला तिनं. तेवढ्यासाठी पोरीला रस्त्यातून उचलून महिनाभर कोंडून ठेवायचं? तिला एका शब्दानं न विचारता?" माझा आवाज चढला. काका अर्ध्या ताटावरून उठले.

तुला जामीन देणारा निकाल मी पुन्हा वाचला. तिथल्या घटनेतही 'व्यक्ती' असा शब्द आहे, 'नागरिक' नाही. आपल्या घटनेच्या एकविसाव्या कलमातही तसंच आहे, म्हणजे परदेशी माणसालाही स्वातंत्र्याचा हक्क आहे. जन्मभर अकोल्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवले, पण या शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो.

अदू, दुर्गाबाईंनी स्वयंपाक केला हे वाचून तू थबकली असशील. आई महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही.

आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. दिवाळीचंही खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले. तुझा फोन आला की ती उशीला टेकून बसते, केस नीट करते आणि हसून बोलते.

तिनं मला शपथ घातली होती. "तिले सांगू नका. पोरगी सारं सोडून येईन, अन् मंग ते तिले परत घुसू देनार नाहीत." ते खरंच आहे. तुझा व्हिसा रद्द झालाय. देश सोडलास की परतीचं दार बंद, आणि तुझी लढाईही तिथेच संपेल.

पण तुला न विचारता कोंडलं म्हणून मी काकांवर ओरडलो, आणि इकडे तुझ्या वाटचा निर्णय आम्ही दोघांनी तुला न विचारताच घेऊन टाकला. ते मला सोसेना. आता तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूनं उभा आहे.

बाबा


अकोला,
९ नोव्हेंबर २०२५

अदू बाळा,

आईच्या तेरवीची माणसं परतली. किसनकाका सगळे दिवस इथेच होते. तो विषय त्यांनी काढला नाही.

तुझे फोन मी उचलत नाही. तू "जेवलात का" विचारतेस, आणि मला खोटं बोलावं लागतं.

तू आली नाहीस याचं तुला फार लागलंय, म्हणून तुझ्या जामिनाविरुद्ध सरकारनं केलेल्या अपिलाच्या सुनावणीच्या संध्याकाळचं सांगतो. कोर्टाचं कामकाज मोबाइलवर ऐकू येतं, हे कळल्यावर आईनं मला तो लावायला सांगितला. उशीवर कानाशी धरून ठेवला होता. तिला त्यातलं इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. तुझं नाव आलं की माझा हात दाबायची.

"तिचंच नाव घेतलं ना?"

"हो."

"काय म्हनते तिचा वकील?"

"तुझ्या पोरीले बोलाचा हक्क आहे म्हणते."

"अन् जज?"

"ऐकून राहिला."

"ऐकून राहिला ना? मंग झालं." ती डोळे मिटून पडली. जरा वेळानं म्हणाली, "मी तिले फोनवर ये म्हनलं होतं. राहावलं नाही. ती नाही म्हनली अन् लय रडली. तिले म्हना, मले राग नाही."

हे तुला आधीच सांगायला हवं होतं.

काल तुझ्या वकिलांचा निरोप आला. सरकारचं अपील फेटाळलं. खटला अजून चालेल, तुला इतक्यात येता यायचं नाही, हे मला कळतं. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला ऐकू जावं तसं मोठ्यानं म्हणालो, "सिंधू, पोरगी जिंकली."

आज फोन कर. उचलतो. जेवलो नसेन तर नाही म्हणून सांगेन.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
बाबा